गळ्याचा सातबारा

आमच्या सुलतानपुरात तलाठी आप्पांची फाईल न पाहिलेला माणूस शोधायचा असेल तर लोणारला जावं लागेल. तिथंही ती फाईल दोनदा जाऊन आलेली आहे, म्हणून खात्री नाही.

मेहकरहून सिंदखेडराजाकडं जाणारा जुना रस्ता आणि त्याला फुटलेला लोणारचा रस्ता, या दोहोंच्या बेचक्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय: झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड इत्यादी. समृद्धी सुरू झाल्यापासून लांब पल्ल्याचे ट्रक तिकडून पळतात. इकडं उरले सरोवर बघायला निघालेले पाहुणे, विम्याच्या पावतीसाठी आलेले शेतकरी, आणि 'इत्यादी'मध्ये आप्पा.

आप्पा बत्तीस वर्षं तलाठी होते. ते निवृत्त झाले आणि मागाहून सरकारनं तलाठ्याचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. ही शोभा आपल्या वाट्याला आली नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. दारावरच्या पाटीत त्यांनी स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली, दुरुस्तीखाली सही केली आणि तारीख टाकली. बोलताना मात्र ते तलाठीच आहेत आणि वाचताना तर फारच. कोणताही कागद ते खालून वर वाचतात. "नाव कोणाचं हाय ते कोनीबी वाचते," ते म्हणतात, "खरी भानगड इतर हक्कात राह्यते." इतर हक्कात म्हणजे बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा.

या सवयीनंच घात केला. गेल्या वर्षी मान आखडली म्हणून एमआरआय काढला. अहवालात मणक्यांची लांबलचक हकीकत होती, सगळी वयाला शोभणारी. हाडांच्या डॉक्टरनं ती वाचली, पट्टा दिला, व्यायाम सांगितले. तळाशी एक ओळ होती: थायरॉईडच्या उजव्या भागात एक गाठ योगायोगानं दिसते आहे, सोनोग्राफी करून पडताळावं. डॉक्टर वरून खाली वाचत आले होते, तिथवर येईतो पुढचा पेशंट आत आला. आप्पा खालून वर निघाले ते पहिल्याच ओळीवर थांबले. मणके त्यांनी अजून वाचलेले नाहीत. मान मात्र तेव्हापासून दुखलेली नाही, दुखायला सवड कुठं आहे!

"बोजा निंघाला," दुकानात येऊन ते म्हणाले.

"कोणत्या गटावर?"

"गळ्यावर."

त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याच्या काळात फेरफाराची नोंद आधी पेन्सिलीनं धरत, हरकती मागवत, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करी आणि शाई लागे. गाठीची नोंद तशीच धरलेली होती. त्यांना औषध नको होतं. त्यांना एका पानाचा आदेश हवा होता, सहीशिक्क्याचा, त्यात फक्त एक शब्द: निरंक.

त्या दिवशी फाईल उघडली गेली. पुठ्ठ्याची, लाल टॅग ओवलेली, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात आकडा. डावीकडं टिपणी, उजवीकडं पत्रव्यवहार. टीएसएचचा रिपोर्ट (व्यवस्थित), साखरेचा रिपोर्ट (जरा जास्त, पण तो विषय नाही), आणि एसटीची तिकिटंसुद्धा, कारण प्रवासाचा पुरावा लागतो. कोणाला लागतो, हे मी विचारलं नाही.

फाईलइतकाच आप्पांना प्रिय झाला तो समोरच्या कटिंगच्या दुकानातला आरसा. थायरॉईडची गाठ गिळताना वरखाली सरकते, एवढं कुठल्याशा डॉक्टरनं त्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून दाढी अर्धी झाली की ते न्हाव्याचा हात धरतात. गळ्याभोवती पांढरं कापड, एका गालाला फेस, हातात पाण्याचा ग्लास. एक घोट तोंडात घ्यायचा, हनुवटी छताकडं करायची, डोळे मात्र आरशात खाली, आणि गटकन गिळायचं. गळ्याची घाटी वर जाते, खाली येते.

"दिसली?"

"आप्पा, ते घाटी हाय. मलेबी हाय."

"घाटीच्या खाली. उजवीकडं."

न्हावी वस्तरा बाजूला ठेवून वाकतो. बाकावरचे तिघं पेपर टाकून उठतात. चिंचोक्याएवढी वस्तू, तीही कातडीच्या आड, शिवाय फेसाचे ओघळ. कोणाला काही दिसत नाही, पण तसं म्हणवत नाही. एकदा तर त्या बाकावरच्या तिघांनीही एकेक घोट पिऊन आपापला गळा आरशात तपासला आणि त्यातल्या एकाचं ठाम मत झालं की आप्पांपेक्षा त्याचीच मोठी आहे.

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. हाताला लागेल अशी गाठ शंभर बायकांमध्ये पाचेक जणींना आणि शंभर पुरुषांत एखाद्याला सापडते. सोनोग्राफीचं यंत्र गळ्यावर फिरवलं तर मात्र धडधाकट माणसांतही शंभरात 19 पासून 68 पर्यंत लोकांच्या गळ्यात काही ना काही निघतं, असं जगभरच्या तपासण्या सांगतात. त्यातल्या सात ते पंधरा टक्के सोडल्या तर बाकी गाठी निरुपद्रवी. लोणारच्या डॉक्टरांनी हे आप्पांना समजावलं होतं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सात ते पंधरा म्हंजे कसं? सरकारी कामात आकडा एक लागते."

लोणारपासून सुरुवात केली कारण लोणार हा तालुका. इथून पुढं आप्पांनी जे केलं ते गावात कोणालाच पटलं नाही. सुलतानपूरचा माणूस दुखणं मोठं असलं की सरळ जालना गाठतो, नाहीतर संभाजीनगर. रस्ता एकच. आप्पा म्हणाले, "तो विभाग आपला नाही." अपील वरच्याच अधिकाऱ्याकडं जातं. तहसील लोणार, प्रांत मेहकरला, कलेक्टर बुलडाण्याला आणि आयुक्त अमरावतीला. तेव्हा मत घ्यायचं ते याच क्रमानं. पुण्यात मुलगा आहे, तो रोज फोनवर सांगे, इकडं या, मी दाखवतो. आप्पांच्या हिशेबात पुणं म्हणजे थेट मंत्रालय. खालच्या पायऱ्या सोडून तिथं गेलं तर प्रकरण परत पाठवतात, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव.

मेहकरच्या सोनोग्राफीत गाठ भरली 14 बाय 11 बाय 9 मिलिमीटर. भरीव, आजूबाजूच्या भागापेक्षा काळसर, कडा नितळ. खाली लिहिलं होतं 'टायरॅड्स 4'. हे चार म्हणजे काय, ते तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गाठीला गुण देतात. भरीव असली की दोन, काळसर असली की दोन. कडा वेड्यावाकड्या असल्या, आत चुन्याचे बारीक ठिपके असले, किंवा गाठ आडवीपेक्षा उभी जास्त असली तर आणखी गुण. जितके गुण जास्त तितका संशय जास्त. तुमची आडवी आहे, चार गुण झाले, दीड सेंटिमीटरच्या आत आहे. सुई टोचायची गरज नाही. वर्षानं या, पुन्हा मोजू.

आप्पा खूश होऊन परतले. "आडवी हाय," ते बसस्टँडवर सगळ्यांना सांगत होते. "उभी असती तर भानगड होती."

पण एका मोजणीवर आप्पांचा विश्वास बसेल हे शक्य नव्हतं. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी मोजणी मागवायची असते. ते बुलडाण्याला गेले. तिथं गाठ भरली 11 मिलिमीटर.

मी त्या दिवशी दुकानात होतो आणि आप्पांचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. दोन्ही रिपोर्ट त्यांनी काचेवर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला, खिशातली सहा इंची पट्टी काढली आणि रिपोर्टवरच्या काळ्या चित्रावर लावून बघितली. "तीन मिलिमीटर," ते हळूच म्हणाले. "तीन मिलिमीटर कुठं गेले?" मी म्हटलं, कमी झाली तर चांगलंच की. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की शेजाऱ्यानं बांध कोरला आणि मी शेजाऱ्याचं अभिनंदन करतोय.

आता यात गौडबंगाल काही नसतं. गाठ मऊ, यंत्राचा दांडा कोणी थोडा तिरका धरतो, कोणी जास्त दाबतो, दोन मोजणाऱ्यांत काही मिलिमीटर इकडंतिकडं व्हायचेच. म्हणूनच गाठ खरोखर वाढली म्हणायला निदान दोन दिशांनी वीस टक्के आणि तेही कमीत कमी दोन मिलिमीटर वाढ लागते, असा डॉक्टर लोकांचा नियम आहे. पण आप्पांची खरी पंचाईत मोजणीची नव्हतीच. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी अकरा मिलिमीटर बघून सांगितलं: एक सेंटिमीटरच्या वर आहे, भरीव आहे, काळसर आहे, सुई घालून पेशी तपासून घ्या.

म्हणजे गाठ मोठी होती तेव्हा राहू द्या, आणि लहान झाली तेव्हा टोचा. हे गणित आप्पांनी सरपंचापासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांना घातलं. कोणालाच सुटलं नाही. ते सुटलं अमरावतीला.

अमरावतीला आयुक्त दोन निघाले. पहिले सर्जन. त्यांनी रिपोर्ट पाहिला, गळा चाचपला आणि म्हणाले, अर्धी थायरॉईड काढून टाकू, डोक्याची कटकट जाईल. आप्पांनी फाईलीत लिहिलं, 'भूसंपादन प्रस्तावित,' आणि बाहेर पडले. दुसरे हॉर्मोनचे डॉक्टर. वयानं तरुण, बोलायला निवांत. त्यांनी फाईल चाळली, एसटीची तिकिटं बघून हसले आणि पहिल्यांदाच आप्पांना समजेल अशा भाषेत बोलले. आप्पांनी ते जसंच्या तसं मला येऊन सांगितलं, म्हणून मी तुम्हाला सांगू शकतो.

अमेरिकेत थायरॉईडच्या डॉक्टरांची एक संघटना आहे. तिनं 2015 साली नियम काढले. त्यात भरीव काळसर गाठ एक सेंटिमीटरची झाली की सुई घाला असं आहे. त्याच अमेरिकेत फोटो-सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांची दुसरी संघटना आहे. तिनं 2017 साली गुणांची पद्धत आणली. त्यात हीच गाठ दीड सेंटिमीटरची होईपर्यंत नुसती बघत राहा असं आहे. युरोपवाल्यांचं कोष्टक वेगळं, कोरियावाल्यांचं वेगळं. तुमचे मेहकरवाले डॉक्टर दुसऱ्या नियमानं बोलले, बुलडाण्याचे पहिल्या नियमानं. दोघंही बरोबर आहेत. तुमची गाठ नेमकी एक आणि दीडच्या मध्ये येऊन बसली आहे.

आप्पांना हे क्षणात कळलं. "म्हंजे दोन जीआर," ते मला म्हणाले. "एक महसूलचा, एक भूमी अभिलेखचा. घर एकच, पण याचा कागद त्याले चालत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज आलं होतं. रात्रभर विचार करून त्यांनी निकाल दिला: नंतरचा शासन निर्णय आधीचा अधिक्रमित करतो, सबब 2017 ग्राह्य, सबब सुई नको. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शंका आली. ज्या खात्याचा जीआर, त्याच खात्याला तो अधिक्रमित करता येतो. इथं खाती दोन. निकाल मागं घेतला गेला.

त्याच डॉक्टरांनी त्यांना कोरियाची गोष्टही सांगितली होती. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. 1993 ते 2011 या काळात थायरॉईड कॅन्सरचे सापडलेले रुग्ण पंधरा पटीनं वाढले. त्या कॅन्सरनं मरणारे मात्र होते तितकेच राहिले. यावर आप्पा जे बोलले ते मला तरी त्यांच्या सगळ्या नोकरीपेक्षा भारी वाटतं. "मोजणी वाढली," ते म्हणाले, "जमीन तेवढीच."

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली. 2016 साली थायरॉईडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून 'कॅन्सर' हा शब्दच तज्ज्ञांनी काढून टाकला, कारण ती कॅन्सरसारखी वागतच नाही असं दिसून आलं. गाठ तीच, नाव नवं. आप्पा बराच वेळ आपल्या दारावरच्या पाटीकडं बघत बसले.

इतकं समजल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण गाव आहे ना. डॉक्टर पाच होते, गावात सल्लागार पाचशे. मेडिकलवाल्यानं थायरॉईडची गोळी सुरू करायला सांगितली, गाठ आवळते म्हणे. टीएसएच व्यवस्थित असताना अशी गोळी देऊन गाठ बारीक करण्याची जुनी रीत आता डॉक्टरच सहसा वापरत नाहीत, हे त्याला कोण सांगणार. वैद्यबुवांनी कांचनार गुग्गुळ लिहून दिला, आणि गलगंडाचं वर्णन सुश्रुतानं करून ठेवलंय हे वर ऐकवलं. एकानं पत्ताकोबी बंद करवली. दुसऱ्यानं सोयाबीन वर्ज्य सांगितलं, तेव्हा आप्पा चिडले. आमच्याकडं खरिपात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनशिवाय दुसरं दिसत नाही. "पेरतो आम्ही, पण खाते कोन लेका?" त्यांनी विचारलं. "ते बाजार समितीत जाते."

मग सेलेनियम आलं. जानेवारी 2025 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीनचार दिवसांत पुंजक्यानं हातात येऊ लागले होते. दिल्लीपासून पथकं आली, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडं बोट दाखवलं. त्या वेळी हा शब्द जिल्ह्यातल्या पोरासोरांना पाठ झाला. आता कोणीतरी आप्पांच्या मोबाईलवर पाठवलं की थायरॉईडला सेलेनियम लागतं. लागतं हे खरंच आहे, अगदी चिमूटभराच्याही कितीतरी खाली. पण आप्पांपुढं सवाल उभा राहिला: गळ्यासाठी खावं की केसांसाठी टाळावं? त्यांना केस मोजकेच आहेत, त्यामुळं त्यांनी ते वाचवायचं ठरवलं.

सगळ्यांत रंगलं ते मीठ. सुनेनं पुण्याहून सैंधव पाठवलं होतं, नैसर्गिक म्हणून. अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात मीठ कोणतं? सैंधव म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि साधं आयोडीनचं मीठ पुन्हा सुरू करायला सांगितलं. 1962 पासून सरकार गलगंडाचा कार्यक्रम राबवतंय, हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे आपल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं, आणि तुम्ही दुप्पट पैसे देऊन बिनआयोडीनचं खाता! आप्पांनी हे मान वाकवून ऐकलं. पण परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःचा सिद्धांत सुचला. लोणारचं तळं खारट. नावच लवणावरून. पूर्वी त्यातून क्षार काढायचा धंदा चालायचा. दैत्यसूदनानं मारलेला राक्षस तोही लवणासुर. "आमच्या पायाशी एवढं मीठ," ते म्हणाले, "आन् आमच्याच गळ्यात गाठ? हे पंचनाम्यात आलं पाह्यजे." तळ्याचा खारेपणा समुद्राचा नाही, क्षार म्हणजे आयोडीन नव्हे, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ते 'हरकत प्राप्त' म्हणून नोंदवून घेतलं.

या सगळ्यात काकू कुठं होत्या? काकू स्वयंपाकघरात होत्या. बुलडाण्याच्या फेरीला आप्पांनी त्यांना सोबत नेलं होतं आणि यंत्राचा भरवसा तपासायला त्यांचाही गळा मोजून घेतला होता. शेजारचा गट मोजल्याशिवाय आपली हद्द कळत नाही, हे तत्त्व. काकूंच्या गळ्यात निघाल्या तीन. सगळ्यांत मोठी 27 मिलिमीटर. जवळजवळ पूर्ण भरीव, रंग आजूबाजूसारखाच.

आप्पांना घाम फुटला. काकू म्हणाल्या, "मंग आता काय करायचं?"

गंमत अशी की त्यांच्या गाठीबद्दल वाद झालाच नाही. एवढ्या आकाराला 2015 चे नियम म्हणतात सुई घाला, 2017 चेही तेच म्हणतात. दोन्ही जीआर एकमतानं. काकूंनी पदर सारला, उताण्या झोपल्या, गळ्याला थंड काहीतरी लावलं, रक्त काढतात त्याहून बारीक सुई दोनतीनदा आत गेली. जेमतेम दहा मिनिटं. आप्पांना बाहेर बाकावर बसवलं होतं, कारण आत त्यांनाच चक्कर येऊ लागली होती. काकूंनी घरी येऊन पिठलं टाकलं. आठवड्यानं निकाल आला, 'बेथेस्डा 2', म्हणजे साधी गाठ, निरुपद्रवी. बेथेस्डा हे अमेरिकेतल्या गावाचं नाव आहे, तिथं जमून तज्ज्ञांनी पेशींच्या निकालांचे सहा वर्ग पाडले. आप्पांनी विचारलं होतं, कोणत्या तालुक्यात.

काकूंचं प्रकरण अशा रीतीनं नस्तीबंद झालं. त्यांच्या सगळ्या दुखण्याची मिळून फाईल नाही, एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, ती पिठाच्या डब्यामागं असते. आप्पांना याचा आनंद झाला की हेवा वाटला हे मला आजवर कळलेलं नाही. "तीन गाठी, सत्तावीस मिलिमीटर," ते एकदा पुटपुटले, "आन् एका फेरीत निकाल."

स्वतःच्या सुईला मात्र ते तयार होईनात. टोचावं तर मेहकर नको म्हणतंय. न टोचावं तर बुलडाणा हो म्हणतंय. अमरावतीच्या तरुण डॉक्टरांनी शेवटी त्यांच्यावरच सोडलं: दोन्ही चालेल, तुमच्या जिवाला ज्यानं चैन पडेल ते करा, घाई कशाचीच नाही, नाहीतर सहा महिन्यांनी या, पुन्हा बघू. दोन्ही चालेल! बत्तीस वर्षांत आप्पांनी असा शेरा कुठल्याच कागदावर वाचलेला नव्हता. आणि 'सहा महिन्यांनी या' तर त्यांना असं लागलं की ते तसेच, जेवण न करता, संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी दुकानात ही कैफियत चालली असताना बाकड्यावर एक म्हातारा शेतकरी बसला होता, पीकविम्याच्या नंबराला. धोतर, डोक्याला रुमाल, हातात बँकेचं पासबुक. आप्पांच्या जुन्या सज्जातला. बाप वारल्यावर वारसाची नोंद लावायला हा माणूस आप्पांकडं किती खेपा घालत असे ते मला ठाऊक होतं, कारण प्रत्येक खेपेला आप्पांनी नवा कागद मागितला होता आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स माझ्याकडं झाली होती. कधी "सोमवारी या," कधी "साहेब मिटिंगला गेलेत." त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग डॉक्टर काय म्हने, आप्पा?"

"सहा महिन्यानं या म्हने."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "लवकर झालं म्हना," तो म्हणाला. "मले अडीच वर्सं लागले होते."

त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, निव्वळ तुलना होती. आप्पांनी त्याच्यासाठी चहा मागवला. एरवी चहा शेतकऱ्यानं पाजायचा, अशी रीत.

दोनतीन दिवसांनी ते सकाळीच आले, दाढी करून, शर्टाचं वरचं बटण लावून. म्हणाले, टाईप कर. मी संगणकापुढं बसलो. ते पाठीमागं हात बांधून येरझारा घालत सांगू लागले.

"विषय. गळ्यातील गाठीबाबत एकच काय ते कळविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, अर्जदार याचे थायरॉईडचे उजवे बाजूस 14 अथवा 11 मिलिमीटर क्षेत्राची एक गाठ असून त्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्यांचे परस्परविरोधी आदेश प्राप्त झालेले आहेत. सबब विनंती की..."

मी टाईप केलं. मग वर जाऊन थांबलो. "आप्पा, प्रति कोण लिहू?"

ते थबकले. रस्त्यावरून लोणारची एसटी गेली. मेहकर, बुलडाणा, अमरावती, सगळी कार्यालयं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकताना मला दिसत होती. "कोरं ठेव," अखेर ते म्हणाले. "दोन प्रती काढ. एकीवर पोच दे."

"मी देऊ?"

"शिक्का हाय ना तुझा?"

शिक्का आहे. 'झेरॉक्स, लॅमिनेशन व ऑनलाईन कामे, सुलतानपूर.' मी तो मारला, खाली तारीख टाकली, सही केली. आप्पांनी कागद उन्हाकडं धरून शिक्का नीट उमटलाय का बघितलं, पान क्रमांक घातला आणि टॅगमध्ये ओवला. कित्येक महिन्यांनी त्यांचा हात गळ्याकडं न जाता खिशाकडं गेला. वीस रुपये दिले, पावती मागितली.

बारा दिवसांनी ते परत आले. दारातूनच विचारलं, "काही उत्तर?"

मी मशीनमध्ये कागद भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "सोमवारी या आप्पा. साहेब मिटिंगला गेलेत."

"बरं," ते म्हणाले, आणि बाकड्यावर नंबराला बसले.